बारीक कानस

घरातलं कुठलंही गंभीर बोलणं खाली दुकानात करायचं, ही पद्धत आप्पांची. वरच्या राहत्या घरात माणसं बोलता बोलता उठून जातात. कुणाला तहान लागते, कुणाचं दूध उतू जातं. दुकानात एकदा शटर आतून ओढलं की पळायला वाट नाही. बोलणं सुरू करण्याआधी भिंतीवरच्या घड्याळांचे टोले बंद करायचे, हाही नियम त्यांचाच. एकदा वाटणीची बोलणी ऐन रंगात आलेली असताना सगळ्या घड्याळांनी एकदम बारा टोले दिले होते, आणि एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतातले दोन चुलतभाऊ असे हसत सुटले, की वाटणीचं काय ते विसरूनच घरी गेले. आप्पांना ते मुळीच आवडलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी टोले बंद करायचं काम आत्याने केलं. ती आप्पांच्या तिघा मुलांत थोरली. लग्न केलं नाही, दुकान सोडलं नाही, आणि डोळे अधू होईपर्यंत मधल्या भावाच्या शेजारी बसून मनगटी घड्याळं उघडत आली. आता ती काउंटर सांभाळायची. भावाला गावभर घड्याळजी म्हणत. ती बाळू म्हणायची. तो आपल्या कामाच्या टेबलामागे, दिव्याखाली, नेहमीच्या जागी बसला होता. त्याच्या पुढ्यात काम नव्हतं, तरी हात टेबलावर काहीतरी सारखं करत होते.

बोलावणं त्याच्या बायकोचं होतं. वहिनी पोस्टात काउंटरवर बसायची आणि घरातही तिची बोलायची रीत तीच होती: काय काम आहे, कागद कुठाय, पुढचा या. तिने मुद्दाम धाकट्या दिरालाही बोलावून घेतलं होतं. तो शाळेत मुख्याध्यापक, म्हणून घरात सगळेच त्याला मास्तर म्हणत. आणि ज्या मुलीसाठी ही सगळी बैठक, ती चिंगी, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून पाय हलवत होती. एकवीस वर्षांची झाली तरी चिंगीच. गणित घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि अंतिम परीक्षा पुढच्या महिन्यात होती.

"शुक्रवारी डॉक्टरांचा फोन आला," वहिनीने सुरुवात केली. "रक्ताचा रिपोर्ट आलाय. लिथियम जेवढं हवं त्यापेक्षा खूप कमी आहे. मागच्या खेपेला बरोबर होतं. ते म्हणाले, गोळी पोटात जात नाहीये."

"जातेय," चिंगी म्हणाली.

"मग रक्तात का दिसत नाही?"

"मला काय माहीत? मी रोज घेते आई. तुझ्यासमोर घेते."

"माझ्यासमोर तोंडात टाकतेस. पुढचं मला काय दिसतंय?"

चिंगीचं पाय हलवणं थांबलं. आत्याने मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता, म्हणजे आता त्यांची पाळी. कॉपी करणारा मुलगा न ओरडता कबूल करून घेण्यात मास्तरांचा हातखंडा होता आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

"हे बघ, कुणी रागावणार नाहीये," ते म्हणाले. "मला फक्त हिशेब लागत नाहीये. आजारपणानंतर तू पहिली परीक्षा दिलीस, जेमतेम पास झालीस. पुढच्या परीक्षेतही तेच. आणि आता या सराव परीक्षेत एकदम एक्याऐंशी. मधे काय बदललं?"

"मी अभ्यास केला."

"अभ्यास तेव्हाही करत होतीस."

आत्याला मास्तरांचा मनापासून राग आला. कारण ते खरं होतं. अभ्यास ती तेव्हाही करत होती. दुसऱ्या वर्षी विद्यापीठात पहिली आली, आणि लगेच त्या सुट्टीत तिची झोप उडाली. दिवसरात्र कागदांमागून कागद भरायची, पहाटे रस्त्यावर जाऊन दूधवाल्याला थांबवून अनंत म्हणजे काय ते समजवायची. शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं. गोळ्यांनी ती घरी आली, जेवू लागली, झोपू लागली. पण एक पान तीनदा वाचावं लागायचं. डोक्यात कापूस भरलाय असं म्हणायची. हात थरथरायचे. पेपरात येत असलेलं गणित अर्ध्यावर असताना घंटा व्हायची. मागच्या बाकावरच्या मैत्रिणी तिच्या पुढे निघून गेल्या आणि ती घरी येऊन कुणाशीही न बोलता भांडी घासत बसायची.

सराव परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी मात्र ती आधी वर न जाता दुकानात आली होती. काउंटरवरून वाकून आत्याला म्हणाली होती, "शरीराला सवय झाली बघ आत्या. आता गोळी घेऊनही मला जमतंय." गोळी घेऊनही, हे तिने दोनदा म्हटलं होतं. एक्याऐंशीपेक्षा तिला त्याचंच जास्त अप्रूप होतं.

"तू शेवटच्या परीक्षेपुरत्या बंद केल्यास, असं आपण धरून चालू," मास्तर म्हणाले. "मी समजू शकतो. मीसुद्धा कदाचित तेच केलं असतं."

"पण मी नाही केलं!"

"मग आठ दिवस ही झोपत का नाहीये?" वहिनी एकदम म्हणाली. "खोलीतला दिवा बघते मी. परवा पोस्टात आली आणि रांगेतल्या माणसाशी अर्धा तास बोलत होती. मला वाटलं मार्कांचा आनंद आहे. मागच्या वेळीही मला आनंदच वाटला होता."

चिंगी उठली. ती वर जाईल असं आत्याला वाटलं, पण ती शटरकडे न जाता बापाच्या टेबलापाशी गेली. "बाबा, तुम्ही सांगा ना. डबी तुम्हीच भरता."

हे सगळ्यांना ठाऊकच होतं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी औषधं घरातल्या कुणीतरी ताब्यात ठेवा म्हणून बजावलं होतं. घड्याळजींनी ते काम स्वतःकडे घेतलं होतं. दर रविवारी ते सात कप्प्यांची डबी भरून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवत, आणि चिंगी त्यातून रोजच्या गोळ्या घेई.

"डबी रिकामी होते," घड्याळजी म्हणाले. "दर आठवड्याला."

"झालं तर," मास्तर म्हणाले. "डबीतून बाहेर येते, पोटात जात नाही."

"आण ती डबी," वहिनी म्हणाली. "गोळ्याच जुन्या निघाल्या असतील, बुरशी आली असेल, काहीतरी असेल. मला काय ही खोटं बोलावी अशी हौस आहे?"

मास्तर शटर उचलून वर गेले, डबी घेऊन आले आणि शटर परत ओढलं. त्यांनी रविवारचा कप्पा घड्याळजींच्या टेबलावरच्या पांढऱ्या ताटलीत उपडा केला. घड्याळाचे सुटे भाग ठेवायची ती ताटली. दोन पांढऱ्या, गोल, साध्या गोळ्या. मास्तरांनी वास घेतला, वहिनीने तारीख शोधली, जी गोळीवर नसतेच. मग आत्याने चिमट्याने एक उचलली. इतक्या वर्षांच्या सवयीने भिंग डोळ्याला आपोआप लागलं.

वरून गोळी गोळीसारखीच होती. तिने ती उलटली. खालची बाजू सपाट होती, जास्तच सपाट, आणि त्यावर एका दिशेने गेलेल्या अगदी बारीक रेघा होत्या. कडेला धार नव्हती. कुणीतरी शेवटी कड हलकेच मोडून गोल केली होती, बोटाला लागू नये म्हणून. अशी कड मोडायची खोड या जगात एकाच माणसाला होती. त्या माणसाच्या हातात पहिली कानस आत्यानेच दिली होती. तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

तिने भिंग लावलेल्या डोळ्याने तशीच मान वर केली. बाळू तिच्याकडे बघत होता. त्याने नजर चुकवली नाही. फक्त टेबलावरचे हात थांबवले.

"काय दिसतंय ताई?" मास्तरांनी विचारलं.

"गोळीच आहे," आत्या म्हणाली आणि गोळी ताटलीत ठेवली.

ती का तसं म्हणाली, हे विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की तो आपणहून बोलेल असं तिला वाटलं. घटकाभर द्यावी, बोलेल. तो लहानपणीही काही फोडलं की आधी गप्प बसायचा आणि मग आपणहून येऊन सांगायचा. शिवाय त्याने हे का केलं असेल, ते तिला एकटीलाच कळत होतं. त्यांचे अण्णाकाका, आप्पांचे धाकटे भाऊ, या दुकानातला सगळ्यात चांगला हात. त्यांनाही असाच आजार होता. त्या काळी जी इंजेक्शनं मिळत, ती दिल्यावर काका शांत झाले ते झालेच. कोपऱ्यातल्या स्टुलावर लाळ पुसत बसायचे, समोर उघडं घड्याळ ठेवलं तर त्याकडे बघतसुद्धा नसत. बाळू शाळेतून आला की त्यांच्या हातात चिमटा देऊन बघायचा. चिमटा खाली पडायचा. तो परत द्यायचा.

"गोळ्या ठीक आहेत म्हणजे," वहिनी म्हणाली आणि मुलीसमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज उतरला होता. "चिंगे, मी हात जोडते. मला नापास मुलगी चालेल. मला तो दवाखान्याचा जिना परत चढायचा नाहीये. तू सांग, मी कुणालाही काही म्हणणार नाही."

"आई, मी घेते गं."

"कधीतरी विसरलीस?"

"नाही."

"आठवून बघ," मास्तर हळुवारपणे म्हणाले. "मागच्या वेळीही तुला पुष्कळ गोष्टी नंतर आठवत नव्हत्या. दूधवाल्याचं आठवत नव्हतं. तू खोटं बोलतेयस असं मी म्हणतच नाहीये. तुला खरंच वाटत असेल की घेतली."

चिंगी एकदा मास्तरांकडे, एकदा आईकडे बघत राहिली. तिचा एक हात दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून होता. आत्याने बाळूकडे पाहिलं. बोल. आता बोल. तो ताटलीकडे बघत होता.

"म्हणजे," चिंगी म्हणाली, "मला तोंडात टाकल्याचं आठवतं. पाणी प्यायल्याचं आठवतं. पण ते आजचं की कालचं... रोज तेच असतं ना." तिने मनगट सोडलं. "विसरले असेन. मीच टाकून दिल्या असतील कुठेतरी. मला माहीत नाही. तुम्ही सगळे म्हणताय तर असेल तसंच."

आत्याने भिंग उचललं आणि काउंटर ओलांडून चिंगीच्या हातात ठेवलं. "इकडे ये. गोळी उलटी कर. आणि बघ."

"ताई," घड्याळजी म्हणाले.

"तू सांगतोस का? नाही. मग बघू दे तिला."

चिंगी वाकून बघत होती. या घरातली मुलगी, रेघा कशाच्या ते तिला सांगावं लागलं नाही. तिने गोळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मास्तरांना काही समजेना. त्यांनी दोनदा "काय आहे, काय आहे" केलं. शेवटी घड्याळजींनीच टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला आणि बोटाएवढी एक कानस काढून ताटलीशेजारी ठेवली. तिच्या दातांत पांढरी भुकटी होती.

"एकदम नाही कमी केली," ते म्हणाले. ते वहिनीशी नाही, ताईशी बोलत होते, एका कारागिराने दुसऱ्याशी बोलावं तसं. "आधी एकच थर. मग आठ दिवस ठेवून बघितलं. झोप बघितली, जेवण बघितलं, वहीतलं अक्षर बघितलं. काही बिघडलं नाही, तेव्हा पुढचा थर. हात थरथरायचा थांबला, ताई. हसायला लागली. तूच म्हणालीस ना, की चिंगी हसायला लागली?"

"मी म्हणाले," आत्या म्हणाली. "घड्याळ पुढे पळालं तर आपण काटे मागे घेतो, बाळू. ही पुढे पळाली तर काय मागे घेणार होतास?"

"चार दिवस बघतोय मी. दिवा मलाही दिसतो. आज रात्री या डबीतल्या काढून पूर्ण गोळ्या भरणार होतो."

"भरणार होतात!" वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका चिरका झाला, की तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग हात काढून ती बोलतच सुटली. डॉक्टरांना अक्कल नाही आणि तुम्हाला आहे का. ही काय गिऱ्हाइकाची वस्तू आहे का. आणि मी मुलीला खोटारडी ठरवत होते, माझ्या पोटच्या मुलीला, ते तुम्ही इथे बसून ऐकत होतात. घड्याळजी ऐकत होते. त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही, त्यामुळे तिला थांबायलाही जमेना.

थांबवलं ते मास्तरांनी, आणि भलत्याच ठिकाणी. "वहिनी, दादाने केलं ते चुकीचंच. पण आता जरा डोकं शांत ठेवून विचार करू. परीक्षा महिन्यावर आलीय. पूर्ण गोळी सुरू केली की पुन्हा ती सुस्ती, तो हात. मार्क तर आले होते ना? डॉक्टरांनाच विश्वासात घेऊन, परीक्षेपुरती मधली काहीतरी मात्रा..."

"मास्तर, तुम्ही घरी जा," वहिनी म्हणाली.

"अगं, मी तिच्याच भल्याचं..."

"हेही तेच म्हणतायत. तुम्ही जा."

मास्तर गेले नाहीत. आणि आत्याला कबूल करायला आवडलं नसतं, पण क्षणभर तिच्याही मनात तेच आलं होतं. एक महिना. नुसता एक महिना निभावला तर. मग तिने चिंगीकडे नीट पाहिलं. बाकीचे भांडत होते तेवढ्यात पोरीने सगळ्या सात कप्प्यांतल्या गोळ्या ताटलीत काढल्या होत्या, एकेक उलटी करून तपासली होती आणि ओळीने मांडली होती. भराभर, एकही चूक न करता. डोळे चमकत होते. ती चमक आत्याने आधी एकदा पाहिली होती.

"बाबा, न घासलेली पाकिटं कुठायत?" तिने विचारलं.

"खणात."

तिने पाकीट घेतलं, पण फोडलं नाही. आधी डॉक्टरांना फोन लावला. सगळ्यांसमोर, शांतपणे सांगितलं, की गोळी कमी जात होती, चूक घरात झाली, झोप चार तासांवर आलीय. पलीकडचं बराच वेळ ऐकलं. "उद्या सकाळी बोलावलंय," फोन ठेवून ती म्हणाली. "आपल्या मनाने काही करू नका म्हणाले. संध्याकाळची गोळी अख्खी घ्यायची, बाकी उद्या रक्त बघून. नीट बसायला काही आठवडे लागतील."

"म्हणजे परीक्षेत..." मास्तर म्हणाले.

"हो. परीक्षेत डोक्यात कापूसच असणार." तिने खांदे उडवले. "देईन तशीच. कॉलेजात जास्त वेळ मागून घेता येतो. डॉक्टरांनी मागेच सुचवलं होतं, मलाच लाज वाटली. आणि अगदीच नाही झेपलं तर पुढच्या वर्षी."

"एक्याऐंशी मार्क तुझेच होते, चिंगे," घड्याळजी म्हणाले. "ते कुणी दुसऱ्याने नाही मिळवले."

"मला कसं कळणार, बाबा? मी सगळ्यांना सांगत फिरत होते, गोळी घेऊनही जमतं म्हणून. मला तेच हवं होतं. मार्क नव्हते हवे." आता तिचा आवाज फाटला, आणि ती रडायला लागली, सरळ, लहान मुलांसारखी, तोंड न झाकता. वहिनी जवळ गेली, तिने आईला थांबवलं नाही, पण तिच्याकडे वळलीही नाही. ती बापाकडेच बघत होती.

"मी तुला त्या कोपऱ्यात बसलेली बघू शकत नव्हतो," घड्याळजी म्हणाले. "अण्णाकाकांसारखी. तुझ्यासाठीच केलं गं."

"माहितीये. कमी केल्यात ते मी समजून घेईन, आज नाही, पण घेईन. पण मघाशी मी म्हणाले ना, की मीच विसरले असेन? मला तेव्हा खरंच वाटलं, की मला परत वेड लागतंय. माझ्याच हाताने गोळी तोंडात टाकली, यावरही माझा विश्वास राहिला नव्हता." तिने बाहीने नाक पुसलं. "आणि मी खरं बोलतेय, हे या खोलीत फक्त तुम्हाला माहीत होतं, बाबा. एकट्या तुम्हाला."

घड्याळजींनी मान खाली घातली. मास्तर भिंतीकडे बघू लागले. कुणी काही बोललं नसतं तर ते तिथेच संपलं असतं. पोरीने बापाला कधीतरी माफ केलं असतं, आणि संध्याकाळी चहा घेऊन नेहमीसारखी काउंटरवर आत्यापाशी येऊन बसली असती. या घरात विश्वास टाकायला एक माणूस तरी आहे, असं समजून.

"त्याला एकट्याला नाही," आत्या म्हणाली. "मलाही. पहिल्यांदा भिंग लावलं तेव्हाच दिसलं होतं मला."

चिंगीने तिच्याकडे पाहिलं. मग तिने पाकीट आणि रिकामी डबी उचलली आणि शटरपाशी जाऊन उभी राहिली. शटर जड होतं. ते नेहमी आत्याच तिच्यासोबत दुसऱ्या बाजूने उचलायची. आत्या एक पाऊल पुढे आली. चिंगीने मान हलवून तिला नको म्हटलं, डबी खाली ठेवली, आणि दोन्ही हातांनी एकटीनेच ते वर उचलायला लागली.